विकासात्मक मानसशास्त्र: पदवीचं एक वर्ष परदेशात काढावं का?

कालिना_पूर्व: मुंबईत मानसशास्त्राची चार वर्षांची पदवी करताना संधी मिळत असेल, तर बालविकासात रस असणाऱ्याने एक वर्ष बाहेर जावंच. बाळाला प्रश्न विचारता येत नाही. ते कशाकडे किती वेळ बघतं यावरून त्याला काय उमगलं ते ताडायचं, आणि त्यासाठी नजर टिपणारं यंत्र, शांत खोली, बाळांना घेऊन यायला तयार असलेले पालक लागतात. अशी शिशु-प्रयोगशाळा पदवीच्या मुलांना इथे सहसा मिळत नाही.

निरीक्षण_वही: साफ असहमत. जर्मनीत व्याख्यानं इंग्रजीत मिळतील, पण तीन वर्षांचं पोर जर्मनच बोलणार. मग तुमच्या वाट्याला व्हिडिओ बघून नोंदी करणं उरतं. ब्रिटनमध्ये भाषेचं निभतं, तरी मुलांबरोबर काम करायचं तर गुन्हेगारी नोंदींची तपासणी आली. तिथल्या तपासणीत तुमची मुंबईतली वर्षं येत नाहीत, म्हणून इथलं पोलीस क्लिअरन्सही मागू शकतात. निघण्याआधी ते काढलं नाही तर पहिलं सत्र हातचं जातं.

आणि चाचण्यांचं काय? बाळाचं आईशी नातं कसं आहे ते तपासणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ एन्सवर्थ यांच्या ‘अनोळखी परिस्थिती’त आठ टप्पे, बहुतेक तीन-तीन मिनिटांचे, आई दोनदा खोलीबाहेर जाते. जपानमध्ये अनेक बाळं इतकी रडली की निष्कर्षांवरच वाद झाला, कारण आईशिवाय राहायची त्यांना सवयच नव्हती. चाळीत आजी, काकू, शेजारीण यांच्या मांडीवर वाढलेलं बाळ उलट शांत राहील आणि ‘टाळणारं’, म्हणजे आईशी अंतर राखणारं, म्हणून नोंदलं जाईल. त्यापेक्षा वर्षभर एका अंगणवाडीत नेमाने निरीक्षण करा.

कालिना_पूर्व: चाळीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण चाचणी मुळात कशी घेतात हे हाताने शिकल्याशिवाय ती इथे कुठे फसते ते दाखवणार कसं? बडोद्यात भारतीय बाळांचा विकास मोजणारी मापनश्रेणी तयार झाली तीसुद्धा मानसशास्त्रज्ञ नॅन्सी बेलींच्या अमेरिकी श्रेणीच्या आधारानेच.

निरीक्षण_वही: मग निदान तिसऱ्या वर्षी जा, चौथ्या नको. चौथ्या वर्षी प्रबंधासाठी मुलांकडून माहिती घ्यायची असते: नीतिसमितीची मंजुरी, पालकांची लेखी संमती, 7 ते 12 वयाच्या मुलांची तोंडी आणि त्यापुढच्यांची लेखी अनुमती. यातच महिने जातात.

श्रेयांक_मोजणी: तिसऱ्या वर्षी जाण्यात एक खाच आहे. युरोपातले वर्षाचे 60 श्रेयांक म्हणजे आपले साधारण 40, इथवर ठीक. अडतं ते गुणांवर. ब्रिटनमध्ये 70 ला प्रथम वर्ग; तिथले 66 जसेच्या तसे चढवले तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायला लागणारे पहिल्या सहा सत्रांचे 75 टक्के हुकू शकतात आणि तो रस्ता बंद होतो. गुण कसे बदलणार, संख्याशास्त्राचा पेपर कशाच्या बदल्यात धरणार, हे व्हिसाला अर्ज करण्याआधी विभागाकडून सहीनिशी घ्या.