अनुभव धागा: लहानग्यांच्या ताटातला लाल भोपळा

वर्ष ते तीन वर्षांच्या मुलांसाठी तुम्ही लाल भोपळ्याचं काय काय करता, हे इथे लिहावं म्हणून हा धागा. भोपळा पटकन मऊ होतो, मुळातच गोडसर असतो, दात चारच असले तरी चालतं. पण नव्या आयांना सगळीकडून एकच कृती ऐकायला मिळते: वाफवा, मिक्सरमधून काढा, भरवा. वर्षाच्या पुढच्या मुलाला गुळगुळीत लगदा देत राहायची गरज नसते. शिवाय भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच. नुसता भोपळा खाऊन पोट भरतं, अंगी मात्र लागत नाही. त्यातल्या बीटा कॅरोटिनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं, आणि ते नीट शोषलं जायला सोबत थोडं तेल-तूप लागतं. म्हणून भोपळ्याबरोबर काय घालता ते आवर्जून लिहा. एकच विनंती: दोन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी साखर-गूळ नको, मीठही नावापुरतंच.

माझ्याकडे सर्वांत जास्त होते ती भोपळ्याची मूगखिचडी. तांदूळ आणि मूगडाळ समसमान, तेवढ्याच भोपळ्याच्या फोडी, जिऱ्या-हिंगाची फोडणी, हळद. कुकरमधून काढल्यावर घोटत नाही. फोड चिमटीत धरून दाबली की बोटांत विरघळली पाहिजे, तशीच ती लेकीच्या ताटलीत. वरून चमचाभर तूप. ती आधी केशरी फोडी वेचून खाते, मग भाताकडे वळते.

नागपूर, दोन नातवंडांची आजी

आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत लाल भोपळ्याची बाकरभाजी असतेच, खसखस-खोबऱ्याचा भाजून केलेला मसाला घालून. पोरांना तो मसाला जड आणि तिखट. म्हणून मी तेलात मेथीदाणे तांबूस करते, बाजूला काढते आणि त्याच तेलात सालासकट मोठ्या फोडी टाकते. झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायच्या. शिजल्या की पोरांच्या फोडी आधी काढून साल सोडवायचं, नंतर मोठ्यांसाठी तिखट, मसाला. वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही आणि सगळ्यांच्या पानात एकच भाजी दिसते. नातू आजोबांच्या पानात बघूनच खातो, त्यामुळे हे मला फार मोलाचं वाटतं.

पुणे, दीड वर्षाच्या मुलाचे बाबा

सकाळची घाई असल्याने रविवारी भोपळा वाफवून, कुस्करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतो. सकाळी एक-दोन वड्या काढून गरम करायच्या, त्यात ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, जिरेपूड, बारीक कोथिंबीर. वेगळं पाणी लागत नाही, भोपळ्याच्या ओलाव्यातच पीठ भिजतं. तव्यावर छोटी थालीपिठं थापून, झाकण ठेवून, दोन्हीकडून तूप सोडायचं. हातात धरून खाता येतात, पाळणाघराच्या डब्यात संध्याकाळपर्यंत मऊ राहतात.

सांगली

सगळ्यात आधी भोपळा निवडायला शिका. देठ वाळलेला, सालात नख रुतत नाही, कापल्यावर गर गडद केशरी, असा पिकलेला मिळाला तर गुळाची आठवणही येत नाही. चिरलेली फाक घेताना बियांजवळचा भाग बघा. बुळबुळीत असेल तर घेऊ नका. अशा भोपळ्याचा कीस तुपावर परतायचा, त्यातच कणीक दुधात मळायची आणि दशम्या लाटायच्या. घारगे मात्र आमच्याकडे मूल दोन वर्षांचं झाल्यावरच, तेही सणावारी.

म्युनिक, जर्मनी

इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात शेताच्या कडेला भोपळ्यांचे ढीग मांडलेले असतात. दुकानदार कुणी नाही, पैसे टाकायला एक डबा. त्यातला होक्काइदो जातीचा भोपळा मुलांसाठी उत्तम, कारण शिजला की त्याचं सालही मऊ होतं. बोटाएवढ्या लांब फाका तेल चोळून ओव्हनमध्ये भाजते आणि दह्यात शेंगदाण्याचं बारीक कूट कालवून सोबत देते. म्हणजे आपलं भरीतच, फक्त बुडवून खायचं. अख्खे दाणे या वयात देऊ नका, घशात अडकतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. शोभेचे छोटे रंगीत भोपळे स्वयंपाकात वापरू नका. भोपळा कुठलाही असो, चिरल्यावर कच्चा कण जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खा भोपळा फेका. तो कडवटपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो, शिजवूनही जात नाही आणि त्याने उलट्या-जुलाब होतात.

नाशिक

मुलीला भोपळा आणि गाजर इतकं आवडू लागलं की तळहात आणि नाकाचा शेंडा पिवळसर झाला. घरात सगळ्यांना कावीळ वाटली. डॉक्टरांनी डोळे बघितले, बुबुळांभोवतीचा पांढरा भाग पांढराच होता. कॅरोटिन साठल्याने कातडीला रंग येतो, त्याने अपाय नाही, असं त्यांनी समजावलं. मग दुधी, पालक, घेवडा आलटून पालटून द्यायला लागलो, हळूहळू रंग उतरला. डोळे पिवळे असतील किंवा लघवी गडद होत असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

ठाणे

आमचा चिरंजीव भोपळा बघितला की तोंड फिरवायचा. सासूबाई म्हणाल्या, "भरवू नकोस गं, नुसता ताटलीत ठेव." एकच फोड ठेवायची, खाल्ली तर खाल्ली. आधी कुस्करली, मग चाटली, बऱ्याच दिवसांनी दह्यातल्या भरितासोबत गिळली. आता तोच भरिताची वाटी पुढे करतो. वरणात लपवून दिलं असतं तर पोटात गेलं असतं, ओळख झाली नसती.

नागपूरच्या आजी पुन्हा

बियांचं राहिलंच. धुऊन, उन्हात वाळवून, मंद आचेवर भाजायच्या, सोलायच्या आणि आतल्या मगजाची अगदी बारीक पूड करायची. अख्ख्या बिया लहानग्यांच्या हाती नाही द्यायच्या. पूड थोडी थोडीच करा, तेलकट असल्याने लवकर खवट होते. वरणभातावर चिमूटभर भुरभुरते, थालीपिठातही चालेल.