तीन चाचण्या, तीन निकाल, आणि तिसरीतली पोरगी

तापीकाठ
काल इथे अमळनेरच्या एका पालकांनी तिसरीतल्या मुलीचे तीन निकाल टाकले. वर्गातल्या मिनिटभराच्या वाचनात ५२ शब्द, शेरा "पातळीखाली". मोबाइलवरच्या ॲपात "सातवी समकक्ष". समुपदेशकाकडच्या प्रमाणित चाचणीत आकलनाचा गुणांक १२७ (सरासरी मूल १०० वर), पर्सेंटाइल ९६. खाली निष्कर्ष ठोकला : "सगळं थोतांड, पैसे उकळायचे धंदे." त्यावर लाइकचा पाऊस. डोकं फिरलं, म्हणून लांबलचक लिहितोय.

तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या, तर उत्तर एकच कसं येणार? ५२ म्हणजे मोठ्याने वाचण्याचा वेग, वजा चुका. १२७ म्हणजे मनात वाचून किती कळलं. पर्सेंटाइल ९६ म्हणजे ९६ टक्के गुण नव्हेत. तिच्या वयाची शंभरातली साधारण ९६ मुलं तिच्या मागे किंवा बरोबरीला. आणि १२७ ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. चाचणीची विश्वासार्हता, म्हणजे पुन्हा घेतली तर निकाल किती सारखा येईल ते, १ पैकी ०.९१ धरली तर मापनातली त्रुटी साडेचार गुणांची. दोन्ही बाजूंना त्याच्या दुप्पट धरायची, म्हणजे पट्टा ११८ ते १३६, पर्सेंटाइलमध्ये ८८ ते ९९. अहवालात नुसता आकडा असेल तर हा पट्टा मागून घ्या.

"सातवी समकक्ष" सगळ्यात फसवं. याच प्रश्नांत सातवीच्या सर्वसाधारण मुलाला जेवढे गुण पडतील तेवढे हिला पडले, एवढाच अर्थ. लगेच सातवीचं विज्ञान हातात देऊ नका.

जामनेर_मास्तर
छान लिहिलंत, पण मूळ मुद्द्याला बगल दिलीत. केंद्राच्या निपुण भारत या वाचन-गणित अभियानात तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून. ५२ म्हणजे ५२. पर्सेंटाइल मिरवायला ठीक, उद्या चौथीचा परिसर अभ्यास वाचताना अडखळली की समुपदेशक येणार नाही. अमेरिकेत तर तिसरीच्या अखेरीला मध्यम मूल मिनिटाला ११२ शब्द वाचतं. आपल्याकडे ज्याचं त्याचं पोर "गिफ्टेड".

तापीकाठ
११२ हा आकडा इंग्रजीचा आहे, सर. तिथे "in"सारखा तुकडाही सुटा शब्द. "इन द स्कूल" तीन शब्द झाले, आपलं "शाळेत" एकच. "शेजारच्या आवारातल्या झाडाखाली" हे आपले तीन शब्द, त्यात अक्षरं मोजा. दोन भाषांचे शब्द-मिनिट एका तराजूत घालता येत नाहीत.

आणि ६० हे उद्दिष्ट तिसरी संपतानाचं. त्या पोस्टमध्ये चाचणीची तारीख जुलैची आहे. म्हणजे तिसरी नुकतीच सुरू झालेली. मग तुलना दुसरीच्या ४५ ते ६० शी करा. ५२ त्यात बसतो की नाही?

अहिराणी_बाणा
त्या ५२ मधल्या चुका कुणी पाहिल्या का? पालकांनी शिक्षकाच्या नोंदपत्रकाचा फोटो टाकलाय. ६१ शब्द वाचले, ९ चुका. त्यातल्या पाच म्हणजे "काळी"चं "कायी", "पाणी"चं "पानी" असल्या. भाऊ, अहिराणी बोलणं काय गुन्हा शे का? जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव द्यायचं आणि घरची बोली बोलणाऱ्या पोरीचे शब्द कापायचे!

सावदा_नाका
बहिणाबाईंची बोली लेवा. रावेर-यावलचं सगळं अहिराणीत ढकलायची सवय सोडा.

अहिराणी_बाणा
ळ चा य दोघीकडे होतो ना? मग भांडण कशाला उकरता?

सावदा_नाका
तुम्ही पुसता म्हणून उकरतो.

जामनेर_मास्तर
बोलीच्या नावाखाली सगळंच माफ करायचं का? उताऱ्यात "धरणातला गाळ काढला" आहे आणि मूल "गाय काढला" वाचतंय. अक्षर ओळखता आलं नाही की बोली, हे मी काय कुंडली बघून ठरवू?

अहिराणी_बाणा
कुंडली नको, फोटोतल्या खुणा बघा. बोली असेल तर ळ चा य होत राहतो आणि उलट सहसा होत नाही. "गाय" लिहिलेलं असताना "गाळ" वाचलं, तर मात्र अक्षराचा घोळ. शंका राहिलीच तर दोन गोष्टी करा. "काय काढलं रे?" विचारा, चिखल म्हणालं तर विषय संपला. नाहीतर तो शब्द लिहायला सांगा. हातून "गाळ" बरोबर उतरला तर डोळ्यांनीही बरोबरच वाचला. या चुका वेगळ्या खुणेने नोंदवायच्या, वजा करायच्या नाहीत. आणि हे सगळं बिनपगारी सांगतोय, प्रशिक्षणाला बसलेल्यांना भत्ता मिळतो.

तोरणमाळ_वाट
तुम्ही ळ-य वर अडकलात. धडगाव-अक्कलकुव्यात घरात पावरी किंवा भिली बोलतात, मराठी शाळेत येऊनच कानावर पडते. तिथल्या हुशार मुलाचं मराठी आकलन कमी आलं तर ती बुद्धीची मोजणी की मराठी किती ऐकली त्याची? तुलनेची मानकं कोणत्या मुलांवर काढली, ते चाचणीच्या पुस्तिकेत असतं. तेवढं कुणी वाचत नाही. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीतल्या वाचनचाचणीचंही तेच, मूल दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकलं की संपलं, वर मोजायला पायरीच नाही. हुशार पोरांना ते छत लगेच लागतं.

जामनेर_मास्तर
बरं बाबा, मोजू तुमच्या पद्धतीने. पाच बोलीच्या सोडल्या. आणखी दोन ठिकाणी तिने लगेच स्वतःच दुरुस्त केलंय. तीन सेकंदांत दुरुस्त केलं तर चूक धरत नाहीत, ते त्या शिक्षकाचं चुकलं, मान्य. उरल्या दोन, दोन्ही जोडाक्षरं. ६१ वजा २, ५९. साठला एक कमी! घ्या, वाटा पेढे.

तापीकाठ
पेढे नंतर. एकाच उताऱ्यावर निकाल दिलाय हे तुम्ही सोयीने विसरलात. न पाहिलेले तीन उतारे, प्रत्येकी एक मिनिट, मधला आकडा धरायचा. मग तेवढ्याच अवघड उताऱ्यांपैकी एक तिला वाचून दाखवा आणि एक मनात वाचू द्या, दोन्हीवर पाच-पाच प्रश्न. ऐकून पाच बरोबर आणि वाचून दोनच, तर १२७ असूनही अक्षरवाचन तपासायला न्या. हुशारीने अडचण झाकली जाते. दोन्हीकडे सारखंच आलं तर वेगाचा बाऊ नको. एक खबरदारी : ते प्रश्न आधी उतारा न वाचलेल्या मुलाला विचारून बघा. त्यालाही तीन जमले तर प्रश्नच फुकट.

जामनेर_मास्तर
पट पन्नासचा असला की तीन उतारे किती वेळात होतात, ते कधी वर्गात येऊन करून दाखवा. एका मुलीसाठी करीन. सोमवारी जोडाक्षरांचा उतारा काढतो, त्यात ळ एकही नसेल. मग बघू.

सावदा_नाका
ण पण काढा.