तक्रार नव्हे, समांतर अहवाल पाठवा

बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची तक्रार थेट जिनिव्याला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या महिला हक्क समितीकडे, करता येईल का, असा प्रश्न विचारला जातो. वैयक्तिक तक्रार चालणार नाही. भारतानं महिला भेदभाव निर्मूलन करार, म्हणजे 'सीडॉ', 1993 साली मान्य केला, पण तक्रारीची वाट उघडणारा त्याचा ऐच्छिक प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. उरतो तो अहवालाचा रस्ता, आणि तो पक्का आहे.

कराराच्या कलम 18 नुसार सरकारनं दर चार वर्षांनी या समितीला अहवाल द्यायचा असतो. शब्दमर्यादा 21,200. एवढ्यात अख्खा देश बसवायचा, मग आपल्या जिल्ह्याला एखादं वाक्य मिळालं तरी नशीब! म्हणून संघटनांचा समांतर अहवाल, म्हणजे सरकारी अहवालाच्या जोडीनं समितीला पाठवलेला स्वतंत्र अहवाल, लागतो.

वेळ मात्र चुकवू नका. सरकारी अहवालावरच्या प्रत्यक्ष सुनावणीच्या कित्येक महिने आधी समितीचा कार्यगट प्रश्नयादी काढतो. आपला मुद्दा त्या यादीत गेला तर सरकारला लेखी उत्तर द्यावं लागतं. बरेच जण सुनावणीच्या तोंडावर कागद पाठवतात, तोवर प्रश्न ठरून गेलेले असतात.

नुसती व्यथा मांडून भागत नाही, प्रत्येक मुद्दा कराराच्या कलमाखाली बसवा. उचल (आगाऊ रक्कम), मुकादम (मजूर पुरवणारा), खाड्याचा दंड हे रोजगाराच्या कलम 11 खाली. शस्त्रक्रिया आरोग्याच्या कलम 12 खाली. ग्रामीण बायकांचं कलम 14 वेगळं. आकडे सरकारीच द्या: 2019 च्या राज्य समितीच्या पाहणीत 82,309 पैकी 13,861 जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. सरकार स्वतःचा आकडा नाकारू शकत नाही. शेवटी हवी असलेली शिफारस तयार वाक्यात लिहा, आणि बायकांची नावं कुठंही छापू नका.