बांधीतल्या वेगळ्या लोंब्या
आपण आपल्या आजोबांच्या निधनाविषयी लिहिलेले वाचताना ‘दीड-दोन एकरांचा माणूस मागे काय ठेवून जाणार’ या आपल्या वाक्यापाशी मी थांबलो आणि मला दादाजी खोब्रागडे आठवले. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी तेवढ्याच शेतीवर संसार चालवणाऱ्या दादाजींना १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ या वाणाच्या धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतात, काही लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात निराळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करीत बारीक दाण्याचा वाण सिद्ध केला. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले. हा तांदूळ महाराष्ट्राबाहेरही पिकला, परंतु त्याचा आर्थिक लाभ त्यांच्या घरी फारसा पोहोचला नाही, याची मला आजही मनापासून खंत वाटते. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ या नियतकालिकाने त्यांची दखल घेतली. पक्षाघाताने खिळलेल्या दादाजींचे ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यात निधन झाले. अखेरच्या आजारपणात मुलगा, सून आणि नातवंडे हाच त्यांचा आधार होता. आपल्या आजोबांनी राखलेले बियाणे घरात असेल, तर ते कृपया या मृगात पेरावे.