असईच्या गावातील घरांसाठी बेस कशाचा करावा?

गढीकर (प्रश्न)

नमस्कार. मराठे आणि इंग्रज यांच्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली असईची लढाई २८ मिमी उंचीच्या छोट्या शिपायांनिशी सहा बाय चार फुटांच्या टेबलावर खेळ म्हणून मांडण्याची माझी तयारी गेले काही महिने चालू आहे. शिपाई रंगवून झाले, केळना आणि जुई या दोन्ही नद्यांची पात्रेही झाली. काम अडले आहे ते गावापाशी. मातीच्या भिंतींची, सपाट धाब्याची नऊ घरे, त्यांतला एक पाटलाचा वाडा आणि भोवती मातीचा कोट एवढे मला करायचे आहे.

घरांच्या भिंती ५ मिमी फोमबोर्डच्या (दोन कागदांमध्ये फोम असलेल्या तावाच्या) आहेत आणि त्यांबद्दल माझी तक्रार नाही. पहिल्या तीन घरांना मी दोन पुठ्ठे एकमेकांवर चिकटवून बेस, म्हणजे घराखालचा सपाट तळ, केला, त्यावर फेव्हिकॉल पसरून चाळलेली वाळू टाकली आणि रंगवला. वाळल्यावर कोपरे किंचित उचललेले दिसले, पण मी तिकडे दुर्लक्ष केले. मी ठाण्यात राहतो. आषाढ लागला तसे ते कोपरे आणखी वर आले, आणि आता घर टेबलावर ठेवले की लंगड्या पाटासारखे डुगडुगते. एका घराची भिंत तर दाराच्या चौकटीपाशी सांध्यातून सुटली आहे.

उरलेल्या घरांसाठी ३ मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला ताव) घ्यावा की ५ मिमी सनबोर्ड (फुगवलेल्या प्लास्टिकचा ताव), आणि जाड बेसमुळे दारांची उंची शिपायांच्या मानाने विचित्र दिसेल का, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे.

सुतारपक्षी

आपल्या पुठ्ठ्याचे काय झाले हे आधी पाहू, कारण तेच एमडीएफच्या बाबतीतही थोड्या प्रमाणात होते. फेव्हिकॉल हा पाण्यात मिसळलेला पॉलिव्हिनाइल ॲसिटेट आहे. तो वरच्या बाजूला पसरला की पुठ्ठ्याचे तंतू पाणी पिऊन फुगतात, आणि वाळताना तंतू व फेव्हिकॉलचा पापुद्रा दोन्ही आकसून वरचा पृष्ठभाग आत ओढतात, म्हणून कोपरे उचलतात. पुढे पावसाळ्यात वरची बाजू फेव्हिकॉल आणि रंगाने बंद झालेली असते आणि खालची बाजू मात्र उघडी राहते. ती हवेतली ओल घेऊन पसरते आणि कोपरे आणखी वर ढकलते. दोन्ही कारणे एकाच दिशेने काम करतात, त्यामुळे आपले घर डुगडुगले नसते तरच नवल.

म्हणून कोणताही तंतुमय बेस असो, जे वर लावाल ते खालीही लावावे, हा माझा पहिला नियम आहे. ३ मिमी एमडीएफचा तुकडा कापल्यावर मी त्याच्या कडा घासतो, निम्मे पाणी घातलेला फेव्हिकॉल दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना दोनदा लावतो, प्लास्टिकच्या कागदात ठेवून वर जाडजूड पुस्तके रचतो आणि रात्रभर तसाच सोडतो. कडांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण एमडीएफचा पृष्ठभाग दाबलेला असल्याने बऱ्यापैकी घट्ट असतो, पण कापलेली कड टीपकागदासारखी पाणी ओढते आणि एकदा फुगली की पूर्ववत होत नाही.

वजनाची काळजी नको. १५ बाय १५ सेंमीचा ३ मिमी एमडीएफ साधारण ५० ग्रॅम भरतो, आणि फोमबोर्डच्या हलक्या घराला ते वजन उलट उपयोगीच पडते. बाही लागून घर सरकत नाही. फोटोफ्रेमच्या दुकानात मागच्या बाजूला लावायच्या एमडीएफचे उरलेले तुकडे असतात, तिथे विचारून पाहावे. कापताना आणि घासताना तोंडाला मास्क मात्र हवाच, कारण तो भुसा अतिशय बारीक असतो आणि त्यात फॉर्माल्डिहाइडयुक्त रेझिन असते.

पुठ्ठेबहाद्दर

वरील प्रतिसाद पटला, तरी किनारपट्टीच्या हवेत माझे मत सनबोर्डला आहे, कारण ज्यात पाणी शिरतच नाही त्याला फुगण्याचा प्रश्न नाही. फक्त दुकानात नाव नीट सांगावे लागते. सनबोर्ड म्हणजे फुगवलेल्या पीव्हीसीचा ताव, पण काही स्टेशनरीवाले दोन कागदांमध्ये फोम असलेल्या फोमबोर्डलाही सनबोर्डच म्हणतात. कोपऱ्यावर नख घालून पाहावे. कागदाचा पापुद्रा सुटू लागला तर तो आपल्याला हवा असलेला माल नव्हे. जाहिरातींचे फलक करणाऱ्यांकडे खऱ्या सनबोर्डच्या कापलेल्या पट्ट्या पडलेल्या असतात, आणि साध्या कटरने तीन-चार वेळा रेघ ओढली की तो तुटतो, करवत लागत नाही.

त्याचा दोष असा की फेव्हिकॉल त्याला मनापासून धरत नाही. गुळगुळीत पीव्हीसीत पाणी मुरायला जागा नसते, त्यामुळे वाळल्यावर वाळूसकट पापुद्रा निघून येऊ शकतो. १०० नंबरच्या पॉलिश पेपरने पृष्ठभाग आडवाउभा खरवडला आणि मग फेव्हिकॉल लावला तर धरतो. घर बेसवर बसवताना मी खालून दोन ठिकाणी भोके पाडतो, म्हणजे गोंद त्यांत शिरून खुंटीसारखा बसतो.

दोन इशारे देतो. पीव्हीसी लेझरने कापून घेण्याचा विचार असेल तर तो सोडावा, कारण जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो. माणसालाही तो वाईट आणि यंत्रालाही, म्हणून जाणकार लेझरवाले हा माल यंत्राला लावतच नाहीत. एमडीएफला ही अडचण नाही. दुसरे म्हणजे, आपल्या भिंतींच्या फोमबोर्डच्या आत बहुतेक वेळा पॉलिस्टायरीन असते. भिंत बेसला टेकते तिथली कापलेली कड उघडी ठेवून वर स्प्रेचा प्राइमर मारला तर त्यातले द्रावक फोम खाऊन टाकते. माझ्या एका वाड्याची खालची कड अशी आत गेली की उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसत होती, आणि मी ती पुढे उंदरांनीच कुरतडली आहे असे सांगून खपवली. कडांना आधी फेव्हिकॉल आणि ॲक्रिलिक रंगाचे मिश्रण लावून घ्यावे.

फासेपटू

साहित्यापूर्वी एक प्रश्न विचारतो: प्रत्येक घराला बेस हवा कशाला? असईच्या गावात शिपाई आणि तोफा उतरवायच्या आहेत. तुकडी गावात शिरली की घर उचलून बाजूला ठेवावे लागते, आणि तेव्हा खाली गावाची हद्द दाखवणारे काहीतरी उरायला हवे. मी सबंध गावठाणाचा एकच वेड्यावाकड्या कडेचा पातळ बेस करतो आणि घरे त्यावर सुटी ठेवतो. खेळात कोण गावात आहे आणि कोण बाहेर, यावरून वाद होत नाही.

सुतारपक्षी

फासेपटूंची सूचना खेळाच्या दृष्टीने उत्तम आहे, पण गावठाण एकसंध करू नये असे मी म्हणेन. वाक एकसारखा असेल तर कडेची उचल लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५ सेंमीच्या तुकड्यावर जी उचल १ मिमी असते, ती ३० सेंमीवर ४ मिमी आणि ४५ सेंमीवर ९ मिमी होते. घराखाली जी दिसलीही नसती ती गावाखाली उघडी पडेल. गावठाणाचे तीन-चार तुकडे करून सांधे गल्ल्यांमध्ये लपवावेत.

वाडेकर

दारांच्या उंचीचा प्रश्न कोणी घेतला नाही, म्हणून लिहितो. २८ मिमीच्या शिपायांसाठी साधारण १:५६ हे प्रमाण धरले तर सहा फुटी दार सुमारे ३३ मिमी होते. शिपाई स्वतः २ ते ३ मिमी जाड चकतीवर उभा असतो. घराचा बेसही तितकाच जाड असेल आणि शिपाई त्याच्या बाहेर उभा असेल, तर शिपायाच्या पायांची आणि घराच्या पायाची पातळी एक होते आणि दार बरोबर दिसते. बेस पातळ असेल किंवा शिपाई गावठाणावर चढून उभा राहिला, तर दार ३६ मिमीपर्यंत वाढवावे, नाहीतर शिपाई घराला ठेंगणे करतो.

आणि जाडी लपवण्यासाठी एवढा खटाटोप का करावा? आपल्याकडच्या घरांना जोते असतेच. ३ मिमी म्हणजे या प्रमाणात सुमारे १७ सेंमी, एका पायरीची उंची. ५ मिमी म्हणजे २८ सेंमी, जवळजवळ फूटभर. पाटलाच्या वाड्याखाली ५ मिमी सनबोर्डचे जोते भिंतीपासून ४-५ मिमी बाहेर काढून त्याच्या कडेवर पेनाच्या टोकाने चिऱ्यांच्या रेघा दाबल्या, तर जाड बेस हाच वाड्याचा थाट होईल. गरिबाच्या घराला जोते देऊ नये. त्याची भिंत थेट जमिनीतून वर यावी आणि तिच्या पायथ्याशी पावसाच्या उडालेल्या चिखलाचा तांबूस-काळा पट्टा असावा. बाहेरच्या बेसची कड मात्र तिरपी तासावी. एमडीएफची कड कानशीने सहज उतरते, सनबोर्डची कटरने.

गढीकर

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण मी तुमच्या सल्ल्यांची परीक्षा घेतली. १५ सेंमीचे चार तुकडे केले, सर्वांवर फेव्हिकॉल आणि वाळू टाकली आणि आठ दिवस न्हाणीघरातल्या फळीवर ठेवले. मग काचेवर ठेवून पट्टीने कोपऱ्यांची उचल मोजली. पुठ्ठा ६ मिमी उचलला होता. एकाच बाजूला फेव्हिकॉल लावलेला एमडीएफ २ मिमी. दोन्ही बाजू आणि कडा बंद केलेल्या एमडीएफखाली साधा कागदही जेमतेम सरकला. सनबोर्ड अगदी सपाट होता, पण तो मी आळसाने अर्धाच खरवडला होता आणि न खरवडलेल्या अर्ध्या भागावरची वाळू नखाने पोळीसारखी उचलली गेली.

तेव्हा ठरले ते असे: गावठाण दोन्हीकडून बंद केलेल्या ३ मिमी एमडीएफचे, चार तुकड्यांत, वाड्याचे जोते सनबोर्डचे, आणि बाकीची घरे बेसशिवाय सुटी. जुनी तीन घरे पुठ्ठ्यावरून सोडवताना दोघांच्या भिंती शाबूत राहिल्या. तिसरे, ज्याचा सांधा सुटला होता, ते जळके घर म्हणून कोटाला लागून ठेवतो आहे.