सिकलसेलच्या पोस्टरवर कुंडली कशाला? 'संस्कृती' शिकवणाऱ्या प्रोफेसरांचा आपल्याला उपयोग काय

इंदोऱ्याची पोरगी:
मागच्या रविवारी आमच्या विहारात सिकलसेलच्या (आईबापाकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार) तपासणीचं शिबिर होतं, मी नावं लिहायला बसले होते. एका संस्थेनं पोस्टर लावलेलं, 'लग्नाआधी कुंडलीसोबत सिकलसेल कार्डही जुळवा', बाजूला पंचांग घेतलेले गुरुजी. शेजारच्या आजी चष्मा वर करून वाचत राहिल्या न म्हणाल्या, 'बाई, आमच्या घरी ५६ ला बौद्ध झालो तेव्हापासून पत्रिका कोणी पाहत नाही, हे दुसऱ्यांसाठी असंन.' आणि निघाल्याच! हात धरून परत आणलं मी त्यांना.
म्हणून मला कॉलिन्स एअरहिहेनबुवा या माणसाचं काम इतकं पटतं. आरोग्य न संस्कृती यांचा संबंध अभ्यासणारे प्रोफेसर, मूळचे नायजेरियाचे, अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवलं, १९८९ मध्ये पेन-३ मॉडेल मांडलं, म्हणजे आरोग्याचं काम लोकांच्या संस्कृतीपासून सुरू करायची पद्धत. त्यांचं म्हणणं, लोकांच्या चालीरीतीत आधी चुका शोधू नका, चांगलं काय ते पहिले शोधा, मग ज्यानं नुकसान होत नाही ते तसंच राहू द्या, वाईटाकडे शेवटी या. आणि एकट्या माणसाला धरून बसू नका, त्याचं घर न वस्तीपण बघा. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीवाल्यांना लोक दूर लोटतात त्यावरही त्यांनी असंच काम केलं. आपल्याकडे असं शिकलेली माणसं पाहिजेत, मी स्वतः याच विषयात पीएचडी करायचं ठरवलंय.

लॅबवाला:
ताई, राग नका मानू पण मले हे पटत नाही. सॉल्युबिलिटी ही पहिली साधी टेस्ट पॉझिटिव्ह आली की माणूस एएस (नुसता वाहक) आहे का एसएस (आजारी) हे इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी ही पुढची टेस्ट केल्याशिवाय कळतच नाही, अन् तो रिपोर्ट यायलाच लोक किती चकरा मारून राहिले. एसएसचं पोट्टं हाडं दुखून रात्रभर रडते तेव्हा त्याच्या मायला हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या पाहिजे, मॉडेल नाही. पोस्टर चुकलं तर दुसरं छापा, त्याच्यासाठी पीएचडी काऊन?

महालातला:
+१. २०२३ च्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली, २०४७ पर्यंत आजार हटवायचा आहे. इतकं मोठं काम मशीन आणि माणसं वाढवूनच होईल.

इंदोऱ्याची पोरगी:
लॅबवाले दादा, औषध पाहिजेच, त्यात वाद नाही. पण माझ्याच गल्लीत एका घरी गोळ्यांचा डबा भरलेला पडून आहे कारण सासू म्हणते 'गरम पडते'. डॉक्टरांनी दोनदा रागावून सांगितलं, काही फरक नाही. पेन-३ मध्ये सासूलाही मोजतात, ती अडवते तशी सांभाळतेही. तिला कोण समजावणार, मशीन?

सेवाग्राम रोड:
मी दोघांच्याही विरोधात. वस्तीत येतात, मुलाखती घेतात, पेपर छापतात, प्रमोशन यांचं न आजार आमचा. याच्यावर मोहन दत्ता, हेही आरोग्य न संस्कृतीवालेच प्रोफेसर, जास्त कडक बोलतात. खरगपूरच्या आयआयटीतून इंजिनियर झालेला माणूस, पुढे अमेरिका, सिंगापूर, आता न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात. बंगालमध्ये संथाळ लोकांत राहून त्यांनी काम केलं. त्यांचं म्हणणं, संस्कृती म्हणजे पोस्टरला स्थानिक रंग देणं नव्हे, प्रॉब्लेम कोणता हे ठरवायचा हक्कच लोकांकडे पाहिजे. तुमच्या वस्तीत लोकांना विचारलं तर ते पोस्टर मागतील का रक्तपेढी? आणि मुलगी एएस निघाली की स्थळ मोडते न मुलाचं कार्ड कोणी मागत नाही, हे पीएचडीत येईल का?

इंदोऱ्याची पोरगी:
येईल. तोच माझा विषय आहे. दोघंही एएस असतील तर दर बाळंतपणात एसएस मूल व्हायची शक्यता २५ टक्के, म्हणजे मुलाचं कार्डही तितकंच बघावं लागते. हे मी महिला मंडळात वंदनेनंतर सांगितलं तर पाच बायकांनी तिथंच म्हटलं, पोराचं कार्ड आधी मागू. पोस्टर अजून तसंच आहे, उद्या काढून घेते.

लॅबवाला:
काढा. अन् त्या पाच बायकांच्या पोरांना मंगळवारी पाठवा, सॅम्पल मी स्वतः घेतो. पीएचडीचं अजूनही पटलं नाही.