मदत हवी आहे: नायोबियमला लागून असलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा डेल्टा ४.२ केल्विनला शून्य धरायचा का?

नमस्कार मंडळी,

नायोबियमच्या जोसेफसन जंक्शनवर (पातळ अडथळ्याने वेगळे केलेले दोन अतिवाहक) पीएचडी करतोय. रचना १९८३ साली बेल लॅब्जमधून आलेलीच: खाली नायोबियम, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, त्याचा पृष्ठभाग ऑक्सिडाइज करून अडथळा आणि वर पुन्हा नायोबियम. अ‍ॅल्युमिनियम पूर्ण ऑक्सिडाइज होत नाही. काही नॅनोमीटर धातूच राहतो, खालच्या नायोबियमला चिकटलेला, आणि माझा सगळा प्रश्न त्या थराचा आहे.

गॅप व्होल्टेज, म्हणजे प्रवाह एकदम वाढतो ते व्होल्टेज, २.८ मिलिव्होल्टच्या आसपास यायला हवं. अ‍ॅल्युमिनियम जाड असलेल्या नमुन्यांत ते खाली येतं आणि गॅपच्या लगेच वर आय-व्ही (प्रवाह-व्होल्टेज) कर्व्हमध्ये 'नी' (गुडघ्यासारखा वाक) ठळक होते. हे प्रॉक्झिमिटी इफेक्टमुळे (शेजारच्या अतिवाहकाचे गुण लगतच्या धातूत झिरपणं) आहे, यात शंका नाही. उसाडेल समीकरणं (असा झिरपाव मोजणारी) सोडवून ते आकड्यांत बसवायचंय.

नायोबियमचा टीसी (ज्याखाली धातू अतिवाहक होतो ते तापमान) ९.२ केल्विन, अ‍ॅल्युमिनियमचा १.२. त्यामुळे ४.२ ला अ‍ॅल्युमिनियमचा डेल्टा (पेअर पोटेन्शियल, म्हणजे त्या धातूतल्या आकर्षणातून येणारी जोडणीची ताकद) सरळ शून्य घाल, असा सल्ला मिळतो. मला तो पटत नाही. टीसीच्या वर गेलं म्हणून इलेक्ट्रॉनांमधलं आकर्षण संपत नाही, आणि कूपर जोड्या (अतिवाहकातल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या) तर शेजारून आयत्या मिळताहेत!

दुसरी अडचण जास्त छळते. दोन धातूंच्या सीमेच्या अटींतले गॅमा (दोन्ही धातूंच्या गुणधर्मांचं गुणोत्तर) आणि गॅमा-बी (सीमेचा रोध) दोन्ही मोकळे सोडले की एकाच कर्व्हला त्यांच्या किमतींच्या कितीतरी जोड्या चालतात. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

तुमची शंका रास्त आहे. डेल्टा शून्य धरू नका, सेल्फ-कन्सिस्टंट काढा, म्हणजे समीकरणांच्या उत्तरातूनच तो पुन्हा पुन्हा काढत स्थिर होऊ द्या. त्या समीकरणातला टी (तापमान) भागिले अ‍ॅल्युमिनियमच्या टीसीचा लॉगॅरिदम इथे धन येतो, म्हणून डेल्टा लहान निघेल, पण उरेल. मात्र अ‍ॅल्युमिनियममधला गॅप मुख्यतः नायोबियममधून झिरपलेल्या कूपर जोड्यांच्या अ‍ॅम्प्लिट्यूडमुळे येतो, आणि ती डेल्टा शून्य धरला तरी असतेच. त्यामुळे इतक्या पातळ थरात ४.२ ला फरक थोडाच दिसेल. १.२ केल्विनच्या जवळ मोजलंत तर तो वाढेल.

गॅमासाठी एकेक कर्व्ह वेगळा फिट करू नका. पातळ थरात दोन्ही गुणांक जाडीने गुणूनच येतात. सगळे नमुने एकाच पद्धतीने बनवले असतील तर गॅमा, गॅमा-बी सर्वांना समान ठेवा, फक्त जाडी बदला आणि सगळे कर्व्ह एकत्र फिट करा. शिवाय दोन्ही धातूंच्या सुट्या फिल्म बनवून १० केल्विनला रोधकता मोजा. त्यावरून कोहेरन्स लेंग्थचा (जोड्यांचा प्रभाव धातूत किती अंतर टिकतो त्याचा) अंदाज येईल, गॅमा जवळपास ठरेल आणि फिटमध्ये मोकळा फक्त गॅमा-बी राहील.